बाळ पोटातच गेलं, तर वार (प्लासेंटा) तपासायला पाठवा – माहिती, रिपोर्टची भाषा आणि अनुभव

रानजाई

नमस्कार मंडळी. विषय जड आहे, पण इथे डॉक्टर आहेत आणि यातून गेलेलेही बरेच जण आहेत, म्हणून लिहिते आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं. शेवटच्या सोनोग्राफीत वाढ थोडी मागे आहे म्हणाले होते, बीपीही जरा वाढलेलं होतं. हालचाल कमी वाटली म्हणून दवाखान्यात गेली, तर ठोके लागले नाहीत. कळा आणून बाळंतपण केलं. मुलगी होती.

डॉक्टरांनी विचारलं, "वार तपासायला पाठवते, चालेल ना?" आम्ही हो म्हटलं. आता रिपोर्ट आलाय, दोन पानी. त्यातलं मुख्य असं: वारेचं वजन २१० ग्रॅम, दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली. चार इन्फार्क्ट, काही जुने, काही ताजे. विलायांची वाढ वयाच्या मानाने पुढे गेलेली. डेसिड्युअल आर्टेरिओपथी. शेवटी निष्कर्ष: मॅटर्नल व्हॅस्क्युलर मॅलपरफ्युजन.

घरात वेगळंच चालू आहे. चुलतसासूबाईंच्या मते ग्रहणात भाजी चिरली. दुसरं कुणी म्हणतं, स्कूटरवरून बँकेत जात होती ना शेवटपर्यंत. पपईची एक फोडसुद्धा कुणाच्या तरी लक्षात आहे. ती समोर काही बोलत नाही. रात्री मला फोन करते, "ताई, खरंच त्यानं झालं असेल का गं?"

या रिपोर्टचा अर्थ कुणी सांगेल का? आणि पुढच्या वेळी त्याचा उपयोग काय? उत्तरं एका जागी आली तर इतरांनाही कामी येतील.

मेतकूट

रानजाई, फार वाईट वाटलं वाचून. बहिणीला सांभाळा. मला माहिती काही नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

स्लाइडवाली

रानजाई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्लाइड पाहिल्याशिवाय मत देणार नाही, पण तुम्ही लिहिलेल्या शब्दांचा अर्थ सांगते. सविस्तर लिहिते, कारण हे समजावून सांगायला ओपीडीत कुणाकडे वेळ नसतो.

आधी वार येते तेव्हा आम्ही काय करतो ते. पडदे आणि नाळ कापून वेगळी करतो, मग वजन. पूर्ण दिवसांची वार साधारण ५०० ग्रॅम भरते. नाळेची लांबी, पीळ किती, रक्तवाहिन्या तीन आहेत की दोनच, नाळ मध्यावर चिकटली आहे, काठावर की नुसत्या पडद्यांमध्ये, हे सगळं नोंदतो. पडदे हिरवट आहेत का, म्हणजे बाळाने आत शी केली होती का. मग वार उलटी करून आईकडची बाजू पाहतो. तिथे रक्ताची गाठ बसून खड्डा पडला असेल, तर वार वेळेआधी सुटल्याची शंका येते. त्यानंतर पाव कापतात तसे सेंटिमीटरभर जाडीचे काप करून प्रत्येक काप हाताने चाचपतो. जुना इन्फार्क्ट फिकट आणि घट्ट लागतो, ताजा गडद लाल असतो. बोटांना तो डोळ्यांच्या आधी कळतो. नाळेचे, पडद्यांचे आणि वारेच्या पूर्ण जाडीचे तुकडे घेऊन पॅराफिनच्या ब्लॉकमध्ये बसवतो, आणि त्यातून काही मायक्रॉन जाडीचा काप स्लाइडवर येतो.

आता तुमचा रिपोर्ट. गर्भाशयाच्या भिंतीतल्या आईच्या रक्तवाहिन्या सुरुवातीला बारीक आणि नागमोडी असतात. वारेच्या पेशी भिंतीत शिरून त्या रुंद, सैल करतात. हे काम पहिल्या तिमाहीत सुरू होतं आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास संपतं. ते नीट झालं नाही, तर रक्त कमी येतं आणि जोरात आदळत येतं. वार लहान राहते. काही भागाचा पुरवठा तुटून तो मरतो, तोच इन्फार्क्ट. विलाय म्हणजे आईच्या रक्तात बुडालेल्या वारेच्या बारीक शाखा. मिळेल त्या रक्तात भागवण्यासाठी त्या वेळेआधीच पक्व होतात. डेसिड्युअल आर्टेरिओपथी म्हणजे त्या न बदललेल्या, खराब झालेल्या रक्तवाहिन्या प्रत्यक्ष दिसल्या. या सगळ्याला मिळून मॅटर्नल व्हॅस्क्युलर मॅलपरफ्युजन हे नाव आहे, म्हणजे आईकडून वारेला रक्त नीट न पोचणं. जगभरच्या पॅथॉलॉजिस्टनी २०१४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला बसून ही भाषा एकसारखी केली, २०१६ मध्ये ती छापून आली. त्याआधी एकच गोष्ट प्रत्येक जण वेगवेगळ्या शब्दांत लिहायचा.

इन्फार्क्ट जुने आणि ताजे दोन्ही आहेत, याचा अर्थ नुकसान एका दिवसात झालेलं नाही, ते काही आठवडे चालू होतं. आणि त्याचं मूळ आहे गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत, भिंतीच्या आत. तिथे ग्रहण पोचत नाही, स्कूटर पोचत नाही, पपईची फोडही नाही. बहिणीला हे माझ्या नावाने सांगा. चुलतसासूबाईंनाही सांगा.

कृष्णाकाठ

स्लाइडवाली ताई, मनापासून धन्यवाद. मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, अलीकडची बाजू सांगते.

बाळंतपण झालं की वार ट्रेमध्ये येते. ती पूर्ण आली का, तुकडा आत राहिला का, पडदे फाटलेत का, हे आम्ही बघतो आणि पिवळ्या पिशवीत टाकतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात ती पिवळ्या पिशवीतच जाते. म्हणजे आधी कुणी सांगितलं नसेल, तर तासाभरात वार गेलेली असते. मागून नातेवाईक विचारायला येतात तेव्हा आमच्या हातात काही नसतं. म्हणून ठोके नाहीत असं कळलं, की कळा सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, वार ठेवा म्हणून. आणि सिस्टरलाही सांगा. शिफ्ट बदलते, निरोप मधेच राहतो.

रुंद तोंडाची झाकणाची बादली लागते. अरुंद बरणीत कोंबली तर वार आत वेडीवाकडी घट्ट होते आणि फॉर्मॅलिन (नमुना टिकवणारं द्रव) मधोमध पोचत नाही. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी लॅब बंद असेल तर साध्या फ्रीजमध्ये ठेवली तरी चालते, फ्रीजरमध्ये अजिबात नाही. नावाची चिठ्ठी डब्याच्या अंगावर लावा. झाकणं बदलतात.

आमच्याकडे अजूनही वार परड्यात पुरायला मागतात. आज्या हट्ट धरतात. समजावून सांगितलं, की बाळ का गेलं ते यातून कळेल, तर बहुतेक घरं ऐकतात.

लीड्सकर

कृष्णाकाठ ताई, किती नेमकं लिहिलंत!

मी इंग्लंडात असते. इथे चोविसाव्या आठवड्यानंतर बाळ गेलं तर मृत जन्म धरतात. माझ्या वेळी बाळाच्या शवविच्छेदनाचं आणि वारेच्या तपासणीचं वेगवेगळं विचारलं होतं. शवविच्छेदनाला आम्ही नाही म्हटलं, तो विचारच सहन होत नव्हता. वारेला हो म्हटलं. उत्तर वारेतूनच मिळालं, ते पुढे लिहीनच.

स्लाइडवाली

लीड्सकर, तुम्ही म्हणताय ते मोठ्या अभ्यासातही दिसलंय. अमेरिकेत मृत जन्मांवर अनेक केंद्रांनी मिळून काम केलं. त्यातल्या ५१२ मृत जन्मांचा २०१७ चा लेख आहे. कारण शोधताना किंवा एखादं कारण बाद करताना वारेची तपासणी सुमारे ६५ टक्के वेळा उपयोगी पडली, शवविच्छेदन ४२ टक्के आणि जनुकीय तपासणी सुमारे १२ टक्के वेळा. आपल्याकडे बाळाच्या शवविच्छेदनाला क्वचितच होकार मिळतो. वारेला फारसं कुणी नाही म्हणत नाही. तरीही ती कचऱ्यात जाते, आणि याचा मला मनापासून राग येतो. २०१९ मध्ये भारतात सुमारे ३ लाख ४० हजार मृत जन्म झाले, जगात सर्वात जास्त. त्यातल्या बहुतेक घरांना कारण सांगणारं कुणी नाही.

घाटमाथा

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमचे दोन्ही वेळा पहिल्या तीन महिन्यांतच गेले. दुसऱ्यांदा क्युरेटिंग केलं तेव्हा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्ट एका ओळीचा: प्रॉडक्ट्स ऑफ कन्सेप्शन दिसले. बस. त्यासाठी पैसे भरले आणि आठवडाभर वाट बघितली. बायको म्हणते, आता पुन्हा काही तपासायला नको. यातून खरंच काही कळतं का?

प्रसूतीकक्ष

घाटमाथा, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुमची चिडचिड समजते. त्या एका ओळीतूनही दोन गोष्टी कळलेल्या असतात: गर्भ पिशवीतच होता, नळीत नव्हता, आणि द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षांसारखी चुकीची वाढ) नव्हता. पण तुम्हाला हवं होतं ते उत्तर त्या बरणीत मिळणारच नव्हतं.

पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी निम्म्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांचा घोटाळा असतो. एखादं गुणसूत्र जास्तीचं, एक्स एकच, नाहीतर सगळा संचच तिप्पट. सोळाव्याची ट्रायसोमी या वयात सर्वांत जास्त सापडते. हे कळायला कॅरियोटाइप (पेशी वाढवून गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) किंवा मायक्रोअ‍ॅरे (थेट डीएनएवरून गुणसूत्रं तपासणं) करावा लागतो. कॅरियोटाइपला जिवंत पेशी लागतात, म्हणून तो तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये किंवा लॅबने दिलेल्या द्रवात जायला हवा. फॉर्मॅलिनमध्ये पडला की पेशी मेल्या आणि डीएनएही खराब झाला. म्हणून क्युरेटिंगच्या आधीच ठरवा: एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, एक भाग सलाइनमध्ये, डब्या दोन. मायक्रोअ‍ॅरेला जिवंत पेशी लागत नाहीत, म्हणून बाळ जाऊन दिवस झाले असले तर तोच बरा. २०१२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात मृत जन्मांत मायक्रोअ‍ॅरेने ८७ टक्के वेळा निकाल दिला, कॅरियोटाइपने ७० टक्के.

आणखी एक. रिपोर्ट "४६, एक्सएक्स, नॉर्मल" (म्हणजे स्त्रीची नेहमीची गुणसूत्रं) आला, तर ती पेशी आईचीच नाही ना, हे लॅबने तपासलंय का विचारा. तुकड्यात आईच्या अस्तराचा भाग मिसळलेला असतो. ही चूक होते आणि मग जोडपी उगाच दुसरीकडे कारण शोधत फिरतात.

वहिनींना सांगा, गुणसूत्राचा दोष सापडला तर बहुतेक वेळा तो त्या एका बीजापुरता असतो. पुढच्या वेळची आशा त्याने कमी होत नाही. गुणसूत्राची अदलाबदल दिसली, तरच तुम्हा दोघांची रक्ततपासणी करावी लागते.

चाफेकळी

द्राक्षगर्भाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. माझ्या बाबतीत सोनोग्राफीत नुसतं "मिस्ड" (गर्भ आतच थांबलाय, बाहेर पडला नाही) म्हणाले होते. साफ केल्यावरचा तुकडा तपासला, तेव्हा अर्धवट द्राक्षगर्भ निघाला. त्यामुळे एचसीजी (गर्भारपणाचं संप्रेरक) पूर्ण खाली येईपर्यंत दर आठवड्याला रक्त, मग महिन्याला. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत असं बजावलं होतं. तुकडा टाकून दिला असता तर कळलंच नसतं, आणि आत काही वाढत राहिलं असतं तर उशीर झाला असता. गोळ्या घेऊन घरी पडलं तरी स्वच्छ डब्यात धरून न्या. संकोच करू नका.

स्लाइडवाली

चाफेकळी, हे लिहिलंत ते फार बरं झालं. पूर्ण द्राक्षगर्भात सगळी गुणसूत्रं वडिलांकडून आलेली असतात, अर्धवटमध्ये तिप्पट संच असतो. नुसत्या डोळ्यांनी कधीकधी फरक करता येत नाही, तेव्हा पी५७ या प्रथिनाचा डाग, म्हणजे ते दाखवणारा रंग, स्लाइडला लावतो.

घाटमाथा, तुमच्या प्रश्नाला आणखी एक जोड. येल विद्यापीठात हार्वी क्लिमन यांच्या गटाने २०२३ मध्ये ९२२ स्त्रियांच्या १,२५६ नमुन्यांवर लेख छापला. सगळी प्रकरणं "कारण अज्ञात" म्हणून सोडून दिलेली. त्यांनी दोन कप्पे नव्याने धरले: वेड्यावाकड्या घडणीची वार आणि वयाच्या मानाने लहान वार. तसं केल्यावर ९१.६ टक्के प्रकरणांत काहीतरी ठोस सापडलं. गर्भपातांत मुख्यतः वेड्यावाकड्या घडणीची, जी गुणसूत्रांच्या दोषाची खूण मानतात. मृत जन्मांत सर्वांत जास्त सापडली ती लहान वार, सुमारे एक तृतीयांश. म्हणजे एका ओळीच्या रिपोर्टवर थांबायचं कारण नाही, पाहणाऱ्याने विलायांच्या आकाराबद्दल लिहायला हवं.

प्रसूतीकक्ष

स्लाइडवाली, इथे माझं थोडं वेगळं मत आहे. तो लेख मी वाचलाय. ते नमुने त्यांच्याकडे सल्ल्यासाठी पाठवलेले होते, सरसकट सगळे नव्हते. आणि वार लहान होती हे सापडणं आणि ती का लहान राहिली हे कळणं, यात अंतर आहे. मी पेशंटला "९२ टक्के वेळा कारण कळतं" असं सांगितलं आणि तिच्या रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही, तर तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

स्लाइडवाली

मान्य, खूण आणि कारण एक नाही. पण ज्या बाईला पाचजण पाच कारणं सांगतात, तिच्यासाठी ती खूणही मोठी आहे. वार लहान होती असं लिहिलेलं असलं, तर निदान पुढच्या वेळी वारेकडे आणि वाढीकडे लक्ष ठेवायला तुम्हाला सुरुवात मिळते. नाळेचं मात्र सांगते. "नाळ गळ्याभोवती होती म्हणून गेलं" हे वाक्य मी रोज ऐकते. जिवंत, ठणठणीत जन्मणाऱ्या चारपाच बाळांतल्या एकाच्या गळ्याभोवती नाळ असते. शंभरातल्या एकाच्या नाळेला खरी गाठ असते आणि बहुतेक ती बाळंही सुखरूप येतात. नाळेमुळे गेलं म्हणायचं तर वारेतल्या बाळाच्या रक्तवाहिन्यांत अडथळ्याच्या खुणा दिसल्या पाहिजेत. तपासल्याशिवाय नाळेवर ढकललं, तर खरं कारण तसंच राहतं.

प्रसूतीकक्ष

याला पूर्ण अनुमोदन.

लीड्सकर

माझं लिहायचं राहिलं होतं. माझ्या वारेत क्रॉनिक हिस्टिओसायटिक इंटरव्हिलोसायटिस निघालं. विलायांमधल्या मोकळ्या जागेत, जिथे आईचं रक्त खेळतं, तिथे माझ्याच प्रतिकारशक्तीच्या पेशींची गर्दी झाली होती. दुर्मीळ आहे, पण पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते, आणि सोनोग्राफीत किंवा रक्तात याचं निदान होत नाही. वार पाहिली तरच कळतं. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीच मला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. अ‍ॅस्पिरिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं), स्टिरॉइड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन अशी औषधं यात देतात. पुरावा अजून पक्का नाही, हे त्यांनीच स्पष्ट सांगितलं. मँचेस्टरला सेंट मेरीज रुग्णालयात बाळ गेल्यानंतरच्या गर्भारपणासाठी वेगळं रेनबो क्लिनिक आहे, तिथे वारेचीच बारकाईने सोनोग्राफी करतात. आपल्याकडे मोठ्या शहरांत तरी असं काही उभं राहावं असं फार वाटतं.

कृष्णाकाठ

संसर्गाचंही लिहा ना कुणीतरी. मी काही काळ गडचिरोलीकडे होते. तिथे मलेरियाच्या तापात बाळ गेलं तर वारेचा विचार आधी येतो.

स्लाइडवाली

बरोबर. फॅल्सिपॅरम मलेरियाचे जंतू वारेत दडून बसतात. बोटाच्या रक्तात सापडले नाहीत तरी वारेत असू शकतात, आणि मागे काळसर रंगद्रव्य सोडतात. सिफिलिसमध्ये वार मोठी आणि फिकट होते, आणि ती बरी होणारी गोष्ट आहे, म्हणून त्याची व्हीडीआरएल ही रक्ततपासणी चुकवू नका. कोविडमध्येही काही आयांच्या वारेची भयंकर नासधूस झालेली दिसली.

मेतकूट

रानजाई, रजेचं बघितलं का? मी एचआरमध्ये आहे. मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा आहे. पण तुमच्या बहिणीचं बत्तीस आठवड्यांचं आहे, ते बाळंतपणच धरतात. मृत जन्मलेलं मूलही कायद्यात मूलच आहे, त्यामुळे बाळंतपणाची पूर्ण रजा लागू होते. ऑफिसने सहाच आठवडे दिले तर भांडा.

रानजाई

सगळ्यांचे किती आभार मानू! मेतकूट, रजेचं खरंच माहीत नव्हतं, उद्याच अर्ज करायला सांगते.

स्लाइडवालींचा प्रतिसाद मी बहिणीला फोनवर वाचून दाखवला. "तिथे स्कूटर पोचत नाही" हे तिने परत वाचायला लावलं. मग रडली, पण वेगळं रडली. चुलतसासूबाईंना तिच्या नवऱ्याने स्वतः समजावलं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. अँटीफॉस्फोलिपिडच्या (रक्त गोठायला लावणाऱ्या प्रतिद्रव्यांच्या) तिन्ही तपासण्या केल्या. एक पॉझिटिव्ह आहे, पण बारा आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आली तरच खरी मानतात म्हणे. ती आली तर पुढच्या वेळी अ‍ॅस्पिरिनबरोबर हेपॅरिनची इंजेक्शनं. नाही आली तरी अ‍ॅस्पिरिन सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करायची, बीपी घरी मोजायचं, वाढीची सोनोग्राफी आणि डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) लवकर लवकर. तिचा गट आरएच निगेटिव्ह आहे, त्यासाठीचं अँटी-डी इंजेक्शन वेळेत दिलं होतं ना, हेही त्यांनी तपासलं.

एक शंका. डॉक्टर म्हणाल्या, मोठ्या शहरात वारेच्याच तज्ज्ञाला दाखवून घ्यायचं असेल तर घ्या. पण वार आता कुठे राहिली?

स्लाइडवाली

उरलेली वार गेली असेल, पण ब्लॉक आहेत. लॅब ते वर्षानुवर्षं ठेवते. रिपोर्टवरचा नमुना क्रमांक देऊन लेखी अर्ज करा, स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागा. नुसत्या स्लाइड आणल्या तर दुसऱ्या तज्ज्ञाला नवे डाग लावता येत नाहीत, ब्लॉकमधून हवे तेवढे नवे काप निघतात. सोबत दोन्ही पानांचा रिपोर्ट, सगळ्या सोनोग्राफी आणि बीपीच्या नोंदी द्या. आठवडे आणि बाळाचं वजन माहीत नसेल तर वारेवर नीट मत देता येत नाही. आणि उन्हाळ्यात कुरियरने पाठवणार असाल तर थर्माकोलच्या डब्यात थंड पिशवी ठेवून पाठवा, गाडीच्या उष्णतेने पॅराफिन मऊ पडतं.